‘माणूस कशाला, यंत्रं आहेत की!’

नमस्कार. चंद्रावर पुन्हा माणसं पाठवावीत, असं मी लेखात लिहिलं होतं. यंत्रं स्वस्तात चंद्रावरची माती आणून देत असताना माणसं पाठवणं म्हणजे निव्वळ मिरवणूक, असं तुमचं म्हणणं. टोला वर्मी लागला, कारण लेखात खर्चाचा विषय मी दोन ओळींत उरकला होता. चंद्रावर पुन्हा माणसं नेण्याच्या नासाच्या आर्टेमिस मोहिमेतल्या पहिल्या चार उड्डाणांपैकी प्रत्येकाला ४.१ अब्ज डॉलर लागतील, हा अंदाज नासाच्याच महानिरीक्षकांचा, २०२२ सालचा. तो आकडा तिथे यायलाच हवा होता. शिवाय २०२४ मध्ये चीनच्या चांग-ई ६ यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणली, तीही एकही माणूस न पाठवता.

माणसाच्या बाजूने हमखास दिला जाणारा दाखला मी देणार नाही. अमेरिकेच्या अपोलो १७ मोहिमेतल्या चांद्रवीरांची गाडी चंद्रावर तीन दिवसांत सुमारे ३५ किलोमीटर फिरली आणि मंगळावरच्या अपॉर्च्युनिटी या यंत्रगाडीला ४२ किलोमीटरसाठी अकरा वर्षं लागली, हा तो दाखला. मंगळापर्यंत संदेश पोचायलाच कित्येक मिनिटं जातात. चंद्रावर संदेश जाऊन परत यायला जेमतेम अडीच सेकंद. म्हणून तर १९७३ मध्ये सोव्हिएत संघाच्या लुनोखोद २ या पृथ्वीवरून चालवलेल्या बिनमाणसांच्या गाडीने चंद्रावर चार-पाच महिन्यांत ३९ किलोमीटर कापले होतेच.

माझा मुद्दा वेगाचा नाही, नजरेचा आहे. डिसेंबर १९७२. चंद्रावरच्या शॉर्टी विवराच्या काठावर अपोलो १७चे हॅरिसन श्मिट चालत होते. चंद्रावर उतरलेले एकमेव भूवैज्ञानिक. पायाने माती उकरली गेली आणि खालून नारिंगी रंग दिसला. हाताशी वेळ थोडा, तरी त्यांनी तिथेच चर खणला, नळी ठोकून खालच्या थराचाही नमुना घेतला. ते निघाले साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या कारंज्यातले काचेचे मणी. (विवर मात्र ज्वालामुखीचं नव्हतं, उल्कापाताचं होतं!) पुढे २००८ मध्ये अशाच मण्यांत पाण्याचा अंश सापडला आणि चंद्राचं पोट कोरडं ठणठणीत असल्याची समजूत डळमळली. तो रंग एखाद्या कॅमेऱ्यानेही टिपला असता, कदाचित. पण आखलेलं काम बाजूला ठेवून इथेच खणायचं, हे ठरवायला जागेवर जाणकार लागतो.

हीलियम-३ या वायूचं इंधनासाठी चंद्रावर खाणकाम, वसाहती वगैरे गोष्टींवर माझाही विश्वास नाही. तिथे आपलं एकमत. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मुक्काम वाढणार असेल आणि चमूत भूवैज्ञानिक असतील, तर मी खर्चाच्या बाजूने. चार दिवस राहून, झेंडा रोवून परतायचं असेल, तर माझं मत तुमच्या पारड्यात टाका.