बॅटरी नीट धर!

नळ ठिबकतोय? अभिनंदन. घरातल्या कर्त्या माणसाला आपण कर्ते आहोत हे दाखवायची संधी रोज चालून येत नाही. ‘प्लंबरला फोन लावू का?’ असं आतून कुणी विचारलं, की पेपर खाली ठेवायचा आणि म्हणायचं, ‘एवढ्याशा वायसरसाठी?’ ‘एवढ्याशा’वर जोर हवा. पुढच्या चार दिवसांचा सगळा खर्च या एका शब्दावर उभा राहणार आहे.

आधी हत्यारं. एका नळाला एक पान्हा पुरतो हे खरं, पण पान्हा आणायला पुण्याच्या बोहरी आळीत, हत्यारांच्या बाजारात, गेलेला माणूस नुसता पान्हा घेऊन घरी आलेला मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही येताना ड्रिल मशीन आणाल. दुकानात शिरल्या शिरल्या ‘हॅमरचं आहे का?’ असं विचारा. म्हणजे दुकानदाराला कळतं की गिऱ्हाईक जाणकार आहे, आणि तो महागातलं काढतो. सोबत निळ्या पेटीतला शंभरेक तुकड्यांचा संच घ्या. त्यातले चार तुकडे वापरात येतात, दोन पहिल्याच दिवशी सोफ्याखाली जातात आणि उरलेले कशाचे आहेत हे पेटी बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मग दुकानदार एक साधा प्रश्न विचारतो, ‘अर्धा इंची की पाऊण?’ तुम्ही नळ मोजून आलेले नसता. फोटो काढून आणलेला असतो, त्यात शेजारी मग आहे, पण मगाचंही माप कुणाला माहीत नसतं. दोन्ही घ्या.

घरी आल्यावर मेन कॉक बंद करायचा. कॉक कुठे आहे हे फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाने दाखवलं होतं, तेव्हा तुम्ही खिडकीतून टेकडी दिसते का ते बघत होता. तो बाथरूमवरच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमागे असतो. बारा वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे तो फिरतो छान, बंद मात्र होत नाही. आता गच्चीवर चला. टाकीखाली चार व्हॉल्व्ह दिसतील, एकावरही नाव नसेल. अंदाजाने एक बंद करा. तो तुमचा नसतो. तो तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा असतो आणि त्यांनी नुकताच डोक्याला साबण लावलेला असतो.

आता खरं काम. नळ उघडल्यावर तुम्हाला कळेल की आत वायसर नाहीच. हल्लीचे पाव फेऱ्यात उघडणारे नळ वेगळे असतात. त्यांच्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, आणि त्या गेल्या की आतला अख्खा तुकडा बदलावा लागतो. हे घरात सांगू नका. ‘एवढ्याशा वायसर’ची पुडी हळूच खिशात टाका आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर करा, ‘नळच बदलावा लागेल.’ डॉक्टरांसारखं, खालच्या आवाजात.

नवा नळ बसवताना आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाचे काटे फिरतात त्या बाजूने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती सुटत जाते आणि बाहेर शेपटी येते. तुम्ही उलटीच गुंडाळाल, सगळेच गुंडाळतात. त्यावर उपाय म्हणजे आणखी टेप, आणि आणखी आवळणं. नळ सरळ उभा राहिला तरी ‘अजून अर्धा आटा बसेल’ असा एक आवाज मनातून येतो. त्याचं ऐका. भिंतीत जो एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा तुकडा, गाडलेला असतो तो प्लास्टिकचा असतो आणि त्यात पितळेचे आटे बसवलेले असतात. त्या अर्ध्या आट्याला भिंतीतून ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. हा आवाज फक्त तुम्हालाच ऐकू येतो.

पाणी सुरू करा. नळ ठिबकतोय का? अजिबात नाही. आता टाइल ठिबकते.

इथे थोडं थांबून बॅटरीबद्दल सांगायला हवं. ‘स्वतः करा’ या कामाला किमान चार माणसं लागतात. एक गच्चीवर व्हॉल्व्हपाशी, एक जिन्यात निरोप पोचवायला, एक ‘जेवायला कधी येताय’ विचारायला, आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरी धरायला. हे पद घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे असतं. आमच्याकडे चौथीतल्या मुलीकडे आहे. बॅटरी धरणाऱ्याला कामाबद्दल काही सांगायचं नसतं, प्रकाश कुठे हवा हेही नाही. तो चुकला की ओरडायचं. मूल बिचारं तुमच्या तोंडाकडे बघत असतं, आता काय बोलणार म्हणून, आणि जिकडे डोळे तिकडे प्रकाश. त्यामुळे नळ अंधारात आणि तुम्ही उजेडात. ‘बॅटरी नीट धर!’ हे वाक्य तुमच्या तोंडून आपोआप येईल, त्याची तयारी करावी लागत नाही. तीस वर्षांपूर्वी ते तुमच्या वडिलांनी तुमच्या डोक्यात पक्कं बसवून ठेवलेलं आहे, तेवढं मात्र कधी गळलं नाही. हल्ली बॅटरी म्हणजे मोबाइल. नेमका पान्हा अडकलेला असताना नाशिकच्या आत्याचा व्हिडिओ कॉल येतो, मूल तो घेतं, आणि आत्या तुम्हाला बेसिनखालून बघते.

नळात नाव कमावलंत की विजेकडे वळा. छताचा पंखा हळू फिरतोय म्हणजे बहुतेक कंडेन्सर गेला. साधारण अडीच मायक्रोफॅरडचा, काडेपेटीएवढा डबा असतो, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत मिळतो. त्याहून महाग पडतं गाडी लावायला जागा शोधताना जळणारं पेट्रोल. काम करण्याआधी एमसीबी पाडायचा असतो. पण बोर्डावरच्या आठ बटणांपैकी हॉलचं कोणतं, हे बिल्डिंग बांधून झाली तेव्हा एका वायरमनला माहीत होतं. म्हणून एकेक पाडत जायचं आणि स्टुलावरून ओरडायचं, ‘गेला का?’ आतून उत्तर येतं, ‘वायफाय गेलं!’ एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नव्हे. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, असतो, आणि तो तुम्ही मागच्या वर्षी ‘उगाच पडतो’ म्हणून काढून टाकलात. मोठेपणा आहे तुमचा. अशा वेळी निदान मेन स्विचच बंद करावा, हे आईने सांगितलं तर चिडायचं आणि मग गुपचूप बंद करायचा.

कंडेन्सरच्या वायरी काढण्याआधी फोटो काढतात म्हणे. तुम्ही काढू नका, लक्षात राहतं सगळं. माझ्याही राहिलं होतं. पंखा सुरू केला, झकास वेग घेतला, घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांनी बायको म्हणाली, ‘वारा का नाही लागत?’ वायरींची अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो आणि हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर ओढतो. मी तिला सांगितलं की गरम हवा वर खेचून घेण्याची ही नवी पद्धत आहे. हे स्पष्टीकरण दोन दिवस टिकलं. तुमच्याकडे पाहुणे असतील तर चार तास धरून चाला.

ड्रिल मशीन आणलंच आहे, तर एखादी फ्रेमही लावून टाका. कन्सील्ड वायर स्विचबोर्डापासून सहसा सरळ वर जाते. तुम्हाला फ्रेम बरोबर तिथेच हवी असते, कारण ती ‘सेंटरला’ येते. सहा एमएमचं भोक पाडायला घ्या, पुट्टी आणि प्लास्टर मिळून वाटीएवढा खड्डा निघेल. त्यात प्लास्टिकची गिट्टी राहत नाही, अख्खी वाटीच राहते. मोठी फ्रेम आणा.

ओल आलेल्या भिंतीबद्दल फार लिहीत नाही. ओल वाळायच्या आत वरून रंग मारा, पहिल्या पावसात पोपडे येतील, पुन्हा मारा. गळती कुणाची यावर सोसायटीच्या मॉडेल उपविधींचा चांगला उपयोग होतो. पावसाच्या पाण्याची किंवा सामाइक पाइपाची गळती असेल तर सोसायटीने बघायचं, घरातलं काम सभासदाने. त्यामुळे तुमच्या मते ती नेहमी पाइपाची असते, सेक्रेटरींच्या मते घरातली, आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या मते ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे हो!’ ते बरोबरच बोलतात. पाणी तुमच्याकडे आलंय ना.

गावी कोकणात घर असेल तर तुमच्या भाग्याला सीमा नाही. मृगाच्या आत कौलं परतायची असतात. हे काम करणारा माणूस वाशाचा अंदाज घेत असा सावकाश पाय टाकतो की खाली कळतही नाही वर कोणी आहे. तुम्ही बूट घालून चढा. एक फुटकं कौल बदलायला जाताना चार फुटतात, ती बदलायला जाताना आणखी. अशा रीतीने दुपारपर्यंत घराला भरपूर उजेड येतो. खाली अंगणात म्हातारे काका खुर्ची टाकून बसलेले असतात. ते काही बोलत नाहीत, नुसते एकेक कौल मोजतात. त्यांच्या पिढीने दिवाळीच्या आधी रात्रभर चुना भिजत घालून, त्यात निळीची पुडी टाकून सगळं घर आपल्या हाताने रंगवलेलं असतं, अंगण चोपलेलं असतं, आणि आपण काही विशेष करतोय असं त्यांना वाटलेलंच नसतं. फोटोही नाहीत एकाचे. हे म्हणजे अगदीच वाया गेलं म्हणायचं.

असो. चौथ्या दिवशी टाइलखालचं पाणी हॉलपर्यंत येतं आणि प्लंबरला फोन जातो. फोन तुम्ही करायचा नसतो, तो घरातून आधीच झालेला असतो. प्लंबर येतो, वाकतो, टेपची शेपटी दोन बोटांत धरतो आणि विचारतो, ‘कोणी केलंय हे?’ 

‘आधीच्या प्लंबरने,’ असं ठामपणे सांगायचं. तो तुमच्या निळ्या पेटीकडे बघतो, तुमच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे बघतो, आणि भला माणूस असल्यामुळे म्हणतो, ‘लोक काहीही करतात हो.’ मग छिन्नीने एकच टाइल अशी काढतो की शेजारच्या टाइलला ओरखडा नाही. त्याचा छोटा पान्हा गाडीच्या डिकीत राहिलेला असतो. तुम्ही पेटी पुढे करता. तो त्यातून एक उचलतो, हातात तोलतो, आणि खाली जाऊन आपलाच घेऊन येतो.

‘साहेब, अंधार आहे आत. जरा बॅटरी धरता का?’

तुम्ही मोबाइल काढून उकिडवे बसता. तो भिंतीतला एल्बो सोडवत असतो आणि तुम्ही, पैसे किती सांगेल या काळजीने, त्याच्या तोंडाकडे बघत असता. मागे दारात चौथीतली मुलगी येऊन उभी राहिलेली असते.

‘बाबा,’ ती म्हणते, ‘नीट धर ना.’