खुलासा : दमा, सीओपीडी आणि फॅमिली डॉक्टर

छातीरोगतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले की दमा किंवा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होऊन श्वास घेणे कठीण करणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार) असलेल्या रुग्णाने फॅमिली डॉक्टरांकडे जाणे थांबवावे, हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आणि रुग्णाला धोक्यात टाकणारा आहे. निदानाबाबत शंका असेल किंवा वारंवार तीव्र झटके येत असतील, तर तज्ज्ञांकडे जायलाच हवे. परंतु इनहेलर योग्य पद्धतीने ओढला जातो का, हे दर भेटीत पाहणे, धूम्रपान सोडवणे आणि फ्लूची लस देणे ही कामे घराजवळचे डॉक्टरच सातत्याने करू शकतात. प्रौढांच्या दम्यात केवळ साल्ब्युटामॉलवर (श्वासनलिका मोकळी करून तात्पुरता आराम देणारे इनहेलरमधील औषध) विसंबू नये, अशी जागतिक शिफारस २०१९ पासून आहे. म्हणूनच तज्ज्ञांनी बदललेल्या औषधांची चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे, अन्यथा जुनाच इनहेलर पुन्हा लिहून दिला जाऊ शकतो.