यादीत आपण कितवे?

घरच्या ग्रुपवर दादाने गेल्या आठवड्यात एक आलेख टाकला, हरवलेलं पाकीट कुठल्या देशात किती वेळा परत मिळतं याचा. चाळीस देश, एकाखाली एक, प्रत्येकापुढे ठिपके. वरती स्वित्झर्लंड, नॉर्वे, नेदरलँड्स. भारत शोधायला बरंच खाली उतरावं लागतं. आलेखाखाली दादाची एकच ओळ : 'आपली माणसंच तशी. आता शास्त्रानेही सिद्ध झालं.' मग कपाळावर हात मारणारे चेहरे आले. आतेभावाने खेकड्यांची गोष्ट सांगितली, टोपलीला झाकण लागत नाही ती. अशा वेळी ती कोणीतरी सांगावीच लागते. शेवटी वहिनीने मला हाक मारली, 'तू सांग गं, खरंच एवढा फरक असतो का?'

मी बसमध्ये होते. लगेच लिहिलं, 'आपल्याकडे तरी पाकीट हरवलं तर बहुतेक वेळा परत मिळतं,' आणि फोन खिशात टाकला. घरी पोचेपर्यंत मात्र राग चढत गेला. दादाचा, की आलेखाचा, हे नीट ठरत नव्हतं.

आधी तो आलेख कशाचा, ते सांगते. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास आहे. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७ हजारांहून जास्त पाकिटं 'हरवली'. म्हणजे त्यांचा माणूस बँकेत, हॉटेलात, पोस्टात शिरायचा, काउंटरवरच्या माणसाकडे पाकीट सरकवून म्हणायचा, 'हे बाहेर रस्त्यात सापडलं, मला घाई आहे, तुम्ही जरा बघाल का?' आणि निघून जायचा. पाकीट पारदर्शक. आत मालकाची कार्डं, एक किल्ली, सामानाची यादी. काहींत पैसे, काहींत नाहीत. मग कार्डावरच्या पत्त्यावर ईमेल येतो का, याची वाट बघायची.

सामान्य लोकांना वाटलं होतं, पैसे असलेलं पाकीट गायब होणार. झालं उलटं. बिनपैशांची ४० टक्के पाकिटं परत द्यायची तयारी दिसली, पैसेवाल्यांची ५१ टक्के. ४० पैकी ३८ देशांत हाच कल, भारतातही. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तर प्रामाणिकपणाही आणखी वाढला. संशोधकांचा अंदाज असा की पैसे असले की 'आपण चोर ठरू' ही टोचणी लागते, आणि माणसाला स्वतःच्या नजरेत चोर व्हायला आवडत नाही. खरी बातमी ही. जगभरचा काउंटरवरचा माणूस आपल्याला वाटतो त्यापेक्षा बरा आहे. पण ग्रुपवर पोचेपर्यंत बातमी गळून जाते आणि क्रमांक तेवढा उरतो. परीक्षेच्या निकालाची सवय जात नाही आपली.

दुसरी गंमत ईमेलची. प्रामाणिकपणा मोजला तो ईमेल आला की नाही यावर. आता जिथे अनोळखी माणसाला ईमेल लिहिणं हा कामाचा भागच नाही, तिथे काउंटरवरची बाई काय करेल? पाकीट ड्रॉवरमध्ये जपून ठेवेल आणि मालक येईल म्हणून वाट बघेल. या यादीत चीन तळाला होता. तिथल्याच संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ईमेल आले सुमारे २७ टक्के पाकिटांबाबत. पण जाऊन पाहिलं तर सुमारे ७८ टक्के पाकिटं सुखरूप ठेवलेली होती. हे मी ग्रुपवर टाकलं. दादाने अंगठा दाखवला. दादाचा अंगठा म्हणजे 'वाचलं नाही'.

मला चीड येते ती 'आपली माणसंच तशी' या वाक्याची. लहानपणापासून ऐकत आलेय. माणूस जे वागतो ते त्याच्या स्वभावातून, रक्तातून, पिढीजात खोटीतून येतं. तो कुठे उभा होता, त्याच्यामागे कोण ढकलत होतं, त्याला काय ठाऊक होतं, हे गौण. मानसशास्त्रात या चुकीला नाव आहे आणि ते ली रॉस यांनी १९७७ मध्ये दिलं. मराठीत नेटकं नाव नाही, पण अर्थ साधा आहे : दुसऱ्याचं वागणं त्याच्या खात्यावर टाकायचं, परिस्थितीच्या खात्यावर काहीच नाही.

आता यातली खोच बघा. जोन मिलर या संशोधिकेने १९८४ मध्ये शिकागोची आणि म्हैसूरची माणसं शेजारी ठेवून हेच तपासलं होतं. एक किस्सा म्हैसूरच्याच एका माणसाने सांगितलेला : मोटरसायकलला अपघात होतो, चालवणारा वकील असतो. मागे बसलेल्याला लागतं. वकील त्याला दवाखान्यात पोचवतो आणि डॉक्टरांना काही न विचारता कोर्टात निघून जातो. जखमी माणूस पुढे दगावतो. वकील असं का वागला? अमेरिकन म्हणाले, बेजबाबदार माणूस, स्वतःच्या यशामागे लागलेला. भारतीय म्हणाले, कोर्टात हजर राहणं त्याचं कर्तव्य होतं, तो गोंधळला असेल, जखम वरून तितकी मोठी दिसली नसेल. आठ वर्षांच्या मुलांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. वय वाढत गेलं तसा फरकही वाढत गेला. म्हणजे माणसाला परिस्थितीसकट बघणं ही आपल्याकडे मोठं होता होता येणारी गोष्ट. आणि आमचा दादा, जो अमेरिकेला कधी गेलेला नाही, तो सबंध देशाबद्दल बोलताना पक्का शिकागोकर होतो. शेजारचा माणूस चुकला तर 'असेल काहीतरी अडचण' म्हणणारा हाच दादा.

बरं, मी नेदरलँड्समधल्या ज्या ग्रोनिंगेनमध्ये अकरा वर्षं राहतेय, तिथलं सांगते. त्या यादीत माझ्या घराचा देश तिसरा, तेव्हा आम्ही मुळातच प्रामाणिक असायला हवं. इथल्याच विद्यापीठातल्या कायझर, लिंडेनबर्ग आणि स्टेग यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाजाराजवळची बोळ, तिथे लावलेल्या सायकली. प्रत्येक हँडलला एक जाहिरातीचं चिटोरं अडकवलेलं. जवळ कचऱ्याचा डबा नाही. भिंतीवर 'इथे रंगवू नये' अशी पाटी. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के सायकलवाल्यांनी चिटोरं जमिनीवर टाकलं किंवा दुसऱ्याच्या सायकलला अडकवलं. मग त्याच भिंतीवर रंगाचे फराटे मारले. तीच बोळ, तीच जनता, आता ६९ टक्के. आणखी एक : टपालपेटीच्या तोंडातून अर्धवट बाहेर डोकावणारं पाकीट, खिडकीतून पाच युरोची नोट दिसतेय. पेटी स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी ते उचललं. पेटीवर फराटे असताना २७ टक्के.

चोर दुप्पट झाले. रक्त तेच, पिढ्या त्याच, फक्त भिंत बदलली.

मी त्या भागातून रोज सायकल काढते. कधी फराटे पुसायला गेमेन्तेची, म्हणजे नगरपालिकेची, गाडी येते, ती सकाळी सातला, लोक यायच्या आधी. पूर्वी मला वाटायचं, केवढी ही स्वच्छतेची आवड. आता वाटतं, माणसाला चांगलं ठेवायला रोज सकाळी सातला कोणीतरी उठावं लागतं.

इथे थांबले असते तर माझा मुद्दा झकास उभा राहिला असता. पण दादा वाचत नाही असं वाटतं तेव्हा तो वाचत असतो. त्याने दोन दिवसांनी न्यूयॉर्कमधल्या परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या पार्किंगच्या दंडांचा अभ्यास पाठवला, फिसमन आणि मिगेल या अर्थतज्ज्ञांचा. शहर एक, रस्ते तेच, आणि २००२ पर्यंत दंड भरायची सक्ती कोणालाच नाही, राजनैतिक संरक्षण असल्यामुळे. परिस्थिती सगळ्यांना सारखी. तरी स्वीडन-नॉर्वेवाल्यांचे थकलेले दंड शून्य, आणि कुवेतच्या प्रत्येक अधिकाऱ्यामागे सरासरी २४० च्या वर. 'आता बोल,' दादा म्हणाला. बोलायला होतं : २००२ च्या शेवटी शहराने गाड्यांच्या नंबरप्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि नियमभंग सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. पण खरं सांगायचं तर हा अभ्यास मला अडचणीचाच आहे. माणसं काहीतरी बरोबर घेऊन जातात. ते काय असतं आणि किती दिवस टिकतं, हा प्रश्न दादाला पडत नाही. मला पडतो, कारण बॅग मी भरली होती.

मग आतेभाऊ दुसऱ्या टोकाने आला. खेकडे विसरून. त्याला रॉबर्ट लेव्हिन यांचा २००१ चा अभ्यास सापडला होता : जगातली २३ मोठी शहरं, रस्त्यात तीन साधे प्रसंग. चालताना खिशातून पेन पडतं. पायाला पट्टा बांधलेल्या माणसाच्या हातून मासिकं सांडतात. अंध माणूस रस्ता ओलांडायला उभा आहे. लोक मदत करतात का? रिओ दि जानेरो पहिलं, ९३ टक्के. कोलकाता ८३. अ‍ॅमस्टरडॅम ५४. 'म्हणजे आपल्याकडे माणुसकी, तिकडे नुसती शिस्त,' त्याचा निकाल लागला. ग्रुपवर आनंद पसरला.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर : पेन पाडून काय कळतं? इथे लोक घाईत असतात म्हणून नसतील वाकले. अनोळखी माणसाला हात लावणं इथे आगाऊपणा वाटतो. नमुना केवढा होता? हे सगळं मी टाइप केलं. पाठवण्याआधी वाचलं, तर अ‍ॅमस्टरडॅमचं वागणं मी परिस्थितीसकट समजावून सांगत होते, म्हैसूरच्या माणसाने वकिलाचं सांगावं तसं. 'माणसंच तशी' हे दुसऱ्याच्या बाबतीत पटकन म्हणतात आणि 'असेल काही अडचण' हे आपल्या माणसाच्या बाबतीत. मी अ‍ॅमस्टरडॅमची वकिली करत होते. आपलं माणूस समजून.

ते खोडलं.

आता एक सांगायचं राहिलंय, जे ग्रुपवर सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी कालव्याकडेच्या फीट्सपाडवर, म्हणजे सायकलींच्या वाटेवर, बर्फावरून घसरले. मिनिटभरात तीन माणसं थांबली. एकाने सायकल उचलली, एकीने माझा हातमोजा शोधला, तिसरा मागून येणाऱ्यांना हाताने वळवत उभा राहिला. ही गोष्ट मी घरी इतक्या वेळा सांगितलीय की वहिनीला पाठ आहे. त्यात माझा आवाज जरा बदलतो, हेही ती सांगते.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात, त्याच कालव्याच्या कडेला, माझ्यापुढे एक म्हातारा पडला होता. मी वेग कमी केला. आणि गेले. डार्ली आणि लाताने यांचा १९६८ चा प्रयोग मला तेव्हाही माहीत होता : इंटरकॉमवर पलीकडे कोणाला झटका येतोय असं ऐकू आलं, तर 'ऐकणारा मी एकटाच' असं समजणाऱ्या ८५ टक्क्यांनी त्याचं बोलणं संपायच्या आत धाव घेतली, 'आणखी चौघं ऐकताहेत' असं समजणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी. जबाबदारी वाटली जाते, असं पुस्तकात म्हणतात. पण माझ्या डोक्यात आलेले शब्द मला नेमके आठवतात. 'यांच्यातलं कोणीतरी थांबेल.' कोणीतरी नाही. यांच्यातलं.

इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे चाहते घेऊन पाहिलं. त्यांच्यासमोर एक धावणारा घसरून पडतो, घोटा धरून कण्हतो. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असला तर १३ पैकी १२ जण थांबले. लिव्हरपूलचा असला तर १० पैकी ३. पुढच्या प्रयोगात चाहत्यांना आधी आपल्या क्लबबद्दल न विचारता 'फुटबॉलप्रेमी' म्हणून बोलतं केलं. तेव्हा लिव्हरपूलच्या शर्टालाही जवळजवळ तितकीच मदत मिळाली. साध्या शर्टातला मात्र बहुतेक वेळा तसाच पडून राहिला. गोल मोठा झाला, तरी तो बाहेरच.

त्या दिवशी म्हाताऱ्याच्या अंगात कुठला शर्ट होता, हा प्रश्न नाहीच. माझ्या अंगात कुठला होता? मी तिकडे जाते तेव्हा दुसऱ्या दिवसापासून रांगेत कोपर पुढे काढते. इकडे परतले की पुढच्यापासून एका माणसाची जागा सोडून उभी राहते. कोपर तेच. 'आपली माणसंच तशी' हे खरं असतं तर मला सोयीचं होतं : मग मी तशी नव्हते, म्हणून निघाले, असं म्हणता आलं असतं. अकरा वर्षं थोडंफार तेच म्हणत आलेय, दादावर चिडता चिडता. भिंतीचा प्रयोग खरा असेल तर मी फक्त भिंत बदललीय.

ग्रुप आता दुसऱ्या विषयावर गेलाय. पण काल वर सरकून पाहिलं, तर माझ्या त्या बसमधल्या पहिल्या उत्तराखाली वहिनीने एक ओळ लिहिली होती आणि गडबडीत ती कोणीच पाहिली नव्हती.

'आपल्याकडे म्हणजे कुठे गं?'

मी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तिला दिसल्या असणार.