‘२००० टक्के लाभांश’ म्हणजे वीसपट पैसे नव्हेत

‘एमआरएफने २००० टक्के लाभांश दिला, लाखाचे वीस लाख झाले!’ असा मेसेज फिरतोय. टक्केवारी खरी, हिशेब चुकीचा. लाभांशाची टक्केवारी शेअरच्या दर्शनी मूल्यावर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मूळ नोंदणी किमतीवर काढतात, बाजारभावावर नाही. एमआरएफचं दर्शनी मूल्य १० रुपये. २०२३-२४ साठी आधी ३, मग ३ आणि शेवटी १९४, असे शेअरमागे २०० रुपये जाहीर झाले. दहाचे २००० टक्के ते हेच. शेअर सव्वा लाखाला घेतला असेल तर लाभांशातून परतावा पडतो फक्त ०.१६ टक्के, बचत खातं परवडलं. शिवाय एक्स-डेटला (ज्या दिवसापासून नव्याने शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही, तो दिवस) किंवा नंतर घेतलात, तर तो लाभांश विकणाऱ्याचाच. आणि एप्रिल २०२० पासून त्यावरचा कर आपल्याच खिशातून जातो.