टोटल लॉस घ्या, सुखी व्हा

भाट, म्हणजे माडांची बागायत, विकून झालं, दिल्लीवाल्याचे पैसे खात्यात आले, की घरात कुणीतरी म्हणणारच: मुलांच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवा. तिकडे लक्ष देऊ नका. एवढ्या पैशांत नवी पोर्शे येत नाही हे खरं, पण ठोकलेली येते. आणि पणजीच्या अटल सेतूवरून ती भुर्रकन गेली, तर खाली वाकून चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कोण बघतो?

अशा गाड्या विम्याच्या लिलावात मिळतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या पुढे गेला की विमा कंपनी ‘टोटल लॉस’ म्हणते, मालकाला पैसे देऊन मोकळी होते आणि ठोकलेली गाडी विकायला काढते. थोडक्यात, हिशेब हाच ज्यांचा धंदा, त्यांनी हात टेकलेली गाडी तुम्ही आणि तुमचा मेव्हणा मिळून स्वस्तात उभी करणार. आत्मविश्वास हवा तो असा. फारच धाकधूक वाटली तर देवळात प्रसाद लावा, म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून कौल मागा. डावा, म्हणजे नकार, आला तर पाकळी नीट ओली नव्हती असं समजून पुन्हा लावा.

कागदपत्रांचं मनावर घेऊ नका. मोटर वाहन कायद्याचं कलम 55 म्हणतं की गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं 14 दिवसांत कळवून आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, जमा करावी. म्हणू दे. ब्रिटनमध्ये 2017 पासून सांगाड्याला मार बसलेल्या गाडीच्या नोंदीत ‘एस’ असा शेरा पडतो आणि तो पुढच्या प्रत्येक मालकाच्या मागे लागतो. आपली आरसी कशी स्वच्छ! कधीकधी तर चेपलेल्या गाडीपेक्षा तिच्या आरसीलाच जास्त भाव येतो, कारण तिच्यावरचा चॅसी नंबर तशाच रंगाच्या, रात्रीतून गायब झालेल्या गाडीवर चढवता येतो. अर्थात तुम्ही सज्जन. तुम्ही फक्त दुरुस्ती करणार.

ती शोरूममध्ये नको. तिथे आधी मोजमाप निघतं: गाडी जिगवर, म्हणजे पक्क्या चौकटीवर, आवळायची, ठरलेले बिंदू मिलिमीटरमध्ये तपासायचे, मग ओढायचं. त्यापेक्षा पत्रा ठोकणारा आपला टिंकर बरा. तो गाडीभोवती एक फेरी मारतो, पान थुंकतो आणि म्हणतो, “जातलें, पात्रांव.” म्हणजे, होईल, मालक. साखळी, सुतळी आणि समोरचा माड, झालं जिग. माड स्वतःच वाकडा आहे, हा तांत्रिक मुद्दा काढू नका.

पत्रा तापवून ठोकला की सरळ होतो, हे अ‍ॅम्बॅसिडरच्या काळापासूनचं ज्ञान. नव्या गाड्यांच्या छत पेलणाऱ्या खांबांत बोरॉन स्टील असतं, 900 अंशांच्या आसपास तापवून साच्यातच झटक्यात थंड केलेलं. त्याची सगळी ताकद त्या झटक्यातली. गॅसची ज्योत लागली की ती जाते, दिसायला खांब मात्र तोच राहतो. म्हणून बनवणारे सांगतात, वाकला तर कापून नवा बसवा. त्यांचं काय जातं, त्यांना सुटे भाग विकायचेत! अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडाचाच ग्राइंडर फिरवा. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि गंजवायचं पुढचं काम मिरामार किनाऱ्याची खारी हवा फुकटात करते. कार्बन फायबरचे आतले थर सुटलेत का, हे अल्ट्रासाऊंडला विचारावं लागतं. विचारूच नका. लॅकरखाली सगळे थर गुण्यागोविंदानं नांदतात.

एअरबॅगवर तर खर्चच करू नका. फुटलेल्या बॅगा, ओढून अडकलेले सीटबेल्ट, अपघाताची आठवण धरून बसलेलं कंट्रोल युनिट, हे सगळं नवं घ्यायचं तर आकडा लाखांत जातो. बॅगेच्या जागी क्षुल्लक किमतीचा रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा इवला भाग, बसला की युनिटला वाटतं, बॅग जाग्यावर आहे. लाल दिवा वेळेवर पेटतो, वेळेवर विझतो. बॅग तेवढी उघडणार नाही. पण तिची गरज आपटल्यावरच लागते, आणि तुम्ही कुठे आपटणार आहात? तुमच्याआधीचा आपटला होता, त्याची ड्रायव्हिंग वाईट.

तरी दर गावात एखादा हट्टी निघतोच. तो सबफ्रेम, म्हणजे इंजिन-चाकं पेलणारी चौकट, बदलतो, एकदाच वापरायचे बोल्ट खरंच एकदाच वापरतो, बंपरमागचा रडार कॅलिब्रेट करून घेतो, प्रत्येक वेल्डिंगचा फोटो आणि प्रत्येक बिल फायलीत लावतो. पावसाळे जातात, बायको बोलायची थांबते, खर्च लिलावाच्या किमतीच्या वर चढतो. मग तो विकायला काढतो आणि अभिमानानं फाइल पुढे करतो. गिऱ्हाईक पहिलंच पान बघतं. “म्हणजे ठोकलेली?” आणि सरळ तुमच्याकडे येतं, कारण तुमच्याकडे फाइल नाही, चकाकी आहे.

आता फक्त तोंड सांभाळा. चालवताना गाडी डावीकडे ओढते म्हणाला, तर रस्त्याचा उतार दाखवा; गोव्यात तेवढा उतार कुठेही सापडतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला, तर जरा अवघड. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन, तुमच्या दारावर पुट्टी धरून हजाराच्या पुढे. घाबरायचं नाही. “सिरॅमिक कोटिंग केलंय, जरा जाडच मारून घेतलं,” असं सांगा, आणि चावी सोबत आलेल्या त्याच्या कॉलेजातल्या मुलाच्या हातात द्या.