तूट रुपये १२०

मागच्या रविवारी रात्री साडेनऊला आमच्या गार्डन क्लबच्या ग्रुपवर खजिनदारांनी रोपविक्रीचा हिशेब टाकला. स्टॉल एक, दोन, तीन बरोबर. स्टॉल पाचवर आठ रुपये जास्त. म्हणजे कुणाला तरी सुट्टे परत दिले नाहीत, पण त्याबद्दल टाळ्या पडल्या. आणि मधोमध ठळक अक्षरांत: ‘स्टॉल क्र. ४, तूट रु. १२०/-. संबंधितांनी उद्या सायंकाळपर्यंत भरणा करावा.’

संबंधित म्हणजे मी. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. ग्रुपवर १८६ सदस्य, त्यातले निदान चाळीस माझ्या हाताखालून गेलेले. त्यातल्या एकीनं लगेच गुलाबाचा गुच्छ टाकून ‘अभिनंदन सर’ असं लिहिलं. तिनं मजकूर वाचलेला नसणार. शाळेतही ती उदाहरण न वाचताच उत्तर लिहायची.

आषाढातली रोपविक्री ही आमच्या क्लबची वर्षाची मोठी कमाई. जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाचा मांडव, टेबलं, ट्रॉफ्या सगळं या पैशांवर. सदस्यांनी घरची रोपं आणून द्यायची, क्लबनं मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये पत्र्याखाली मांडून विकायची. गुलाब, अडेनियम, जास्वंद हे अध्यक्षाबाईंच्या मर्जीतल्या मंडळींकडे जातं. मला मिळाला स्टॉल क्रमांक चार: मनी प्लांट, कोरफड आणि गांडूळखत.

पैसे घ्यायला क्यूआर कोड होता, पण तो खजिनदारांच्या सूनबाईंच्या खात्याचा. गिऱ्हाइकानं पैसे पाठवले की आम्ही त्यांच्या घरी फोन लावायचा, ‘चाळीस आले का हो?’ सूनबाईंचे हात कणकेत असले की हात धुऊन फोन बघेपर्यंत गिऱ्हाईक रोप पोटाशी धरून उभं. त्यामुळे लवकरच मी रोखीवर आलो. इथपर्यंत हिशेब चोख होता, हे मी शपथेवर सांगतो.

साधारण साडेबाराला पावसाची मोठी सर आली आणि सरीबरोबर आजी आल्या. डोक्यावर दुधाची मोठी पिशवी टोपीसारखी घातलेली आणि हातात मिटलेली छत्री. छत्री भिजू नये म्हणून मिटलेली असावी. त्यांनी छत्रीच्या टोकानं एका मनी प्लांटला ढोसलं.

“केवढ्याला दिला ह्यो?”

“चाळीस, आजी.”

“चाळीस? ह्यो तर मोरीतल्या पाण्यावर येतोय.” मग माझ्याकडे नीट बघून, “तुमी मास्तरच न्हवं? आमच्या बाळूला दोनदा नापास केल्यालं?”

बाळू नावाची निदान सहा पोरं मी नापास केली असतील. मी नुसतंच हसलो.

“मग असं करा,” आजी म्हणाल्या, “जरा तिकडं तोंड करा.”

“कशाला?”

“चोरायचाय.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पण आजींनी समजुतीच्या स्वरात सगळं शास्त्र उलगडून सांगितलं. मनी प्लांट विकत घेतला की घरातला पैसा जातो. कुणी दिला तर येतो तसाच जातो. चोरून आणला तरच चढतो आणि घराला बरकत येते. पुरावाही तयार होता. त्यांच्या थोरल्या जावेनं शंभर रुपये मोजून कुंडीसकट मनी प्लांट आणला, तो मांडवावर चढला, आणि दिवाळीच्या आत जाऊबाईंची ठेव असलेली पतसंस्था बुडाली.

“आजी, पतसंस्था मनी प्लांटनं नाही बुडत.”

“मग कशानं बुडती?”

याचं उत्तर मला माहीत आहे, आमच्या गावात सगळ्यांनाच माहीत आहे, पण ते भर पार्किंगमध्ये देण्यासारखं नव्हतं.

मी तोडगा काढला. “तुम्ही चाळीस रुपये द्या. मग मी पाठ करतो. मग चोरा.”

आजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाळूचं गणित कच्चं का राहिलं ते त्यांना आत्ता समजलं. “पैसं दिल्यावर चोरी कुठली ओ राहिली?”

“बरं, रोपाचे नका देऊ. ही देणगीपेटी आहे. तिच्यात तुमच्या खुशीनं चाळीस टाका. रोपाचा आणि त्याचा संबंध नाही.”

“दान आन् चोरी एका हातानं? त्यापरीस न चोरल्यालं बरं.”

“आजी, हा माल माझा नाही. मी नुसता बसलोय.”

“मग मालक कोण?”

“क्लब.”

“क्लब म्हंजी कोण?”

प्रश्न बिनतोड होता. आमची घटना नऊ पानांची आहे, पण तिच्यातही हे कुठं लिहिलेलं नाही. “आम्ही सगळे सदस्य,” मी म्हणालो. आजींनी पार्किंगभर नजर फिरवली. पाच स्टॉलांवर अकरा सदस्य समोसे खात होते. “एवढ्यांनी तिकडं तोंड करायचं म्हंजी अवघडच हाय,” असं पुटपुटत त्यांनी मला सवलत दिली. “तुमी एकटं केलं तरी चालंल. पाढा म्हणा तवर.”

मी का वळलो? मागं दोन गिऱ्हाइकं भिजत उभी होती म्हणून. शिवाय एका मनी प्लांटनं क्लब भिकेला लागणार नव्हता. आणि खरं सांगायचं, तर पाढा म्हणा असं मला कित्येक वर्षांत कुणी सांगितलेलं नव्हतं. मी गांडूळखताच्या पोत्यांकडे तोंड करून एकोणीसचा सुरू केला. एकोणीस पंचे पंच्याण्णववर सवयीनं मान मागं वळली. वर्गात नेमकं या ठिकाणी कोण कुजबुजतंय ते बघायला वळायची, तशीच.

“बघितलंत!” आजींच्या हातात पिशवी अर्धी उचललेली. “बाद झाला ह्यो. फिरा परत.”

दुसऱ्या वेळी मी वळलो नाही, पण तीन नंबरच्या स्टॉलवरून आमच्या सहसचिव मॅडम लांबूनच ओरडल्या, “मिळालं का आजी मनासारखं?” झालं, दुसरंही बाद. तिसऱ्या खेपेला मात्र मी पाढा थेट दहापर्यंत नेला, शेवटचे एकशे नव्वद जरा मोठ्यानंच म्हणालो, आणि वळलो तर आजी समोरच उभ्या. हातात पिशवी, पिशवीत तीन रोपं.

“तीन?”

“ती दोन बाद झाल्याली. बाद माल ठिवून तुमी तरी काय करणार? एक लेकीला, एक सुनंला.”

आणि मग, मी अजून तोंड उघडं ठेवून उभा असताना, त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि गांडूळखताच्या किलोच्या पिशवीचे पन्नास रुपये दहाच्या पाच नोटांत मोजून दिले. घासाघीस नाही. “खत इकतच घ्यावं. चोरीचं खत लागू पडत न्हाई.” जाताना बजावून गेल्या, “पाढा जरा हळू म्हणायचा. सारा बाजार बघत हुता.”

चाळीस त्रिक एकशेवीस. ही माझी तूट.

हे सगळं मी खजिनदारांना सोमवारी तोंडी सांगितलं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत चोरी झाली.” मी म्हणालो, “नाही, डोळ्यांदेखत झाली असती तर ती बाद धरली असती.” त्यांनी पावतीपुस्तक पुढं ओढलं.

तर मी पैसे भरले. रकमेचं काही नाही. पण मनात येतंच, की विक्रीच्या दिवशी सकाळी उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांना आम्ही सेलोफेनमध्ये गुंडाळलेला साडेतीनशे रुपयांचा बुके दिला. समोर चारशे जिवंत रोपं, आणि बागप्रेमींनी पाहुण्याला दिला तो दुकानातला, तारा टोचलेल्या जरबेऱ्यांचा. पाहुणे तो पार्किंगच्या कठड्यावर विसरून गेले. दुपारी मीच उचलून कचऱ्यात टाकला. फ्लेक्सवर बावीस पदाधिकाऱ्यांचे फोटो होते, रोपाचा एकही नव्हता. त्याला कुणी तूट म्हणालं नाही.

आणि वर्षभर राबतं कोण? गणपतीच्या आधी क्लब पत्रीच्या जुड्या विकतो, तीस रुपयाला एकवीस पत्री. मोजायला कोण? गणिताचे मास्तर. आघाडा, माका, डोरली, शमी, मरवा, केवडा सगळं जमतं. देवदाराशी गाडी अडते, कारण देवदार हिमालयात आणि आम्ही सातारा जिल्ह्यात. मग त्या जागी सुरूची काडी घालायची आणि कुणी विचारलं तर बाप्पांकडे बोट दाखवायचं. ऑक्टोबरात पाऊस सरला, की गुलाबछाटणीचं प्रात्यक्षिक. अध्यक्षाबाई सिकेटर घेऊन बाहेरच्या डोळ्यावर, म्हणजे कोंबावर, तिरका काप कसा द्यायचा ते दाखवतात, फोटो निघतो, आणि उरलेल्या साठ झाडांच्या कापांवर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावत मी निळा होतो. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला सहल. बसमध्ये मागचं सीट माझं, कारण येताना घेतलेल्या कुंड्या मांडीवर कुणीतरी धरायला हव्यात. मे महिन्यात अर्धा क्लब पुण्या-बंगळूरला मुलांकडे जातो आणि किल्ल्या माझ्याकडे देतो. सात घरच्या गच्च्या पाण्यानं भिजवायच्या. आणि हल्ली, या दिवसांत, रात्री अकराला फोन वाजतो: ‘आमच्याकडे ब्रह्मकमळ फुललंय, चला!’ ते ब्रह्मकमळ नाही, ती निशागंधी आहे, अमेरिकेकडून आलेला निवडुंग. खरं ब्रह्मकमळ हिमालयात हजारो फुटांवर असतं. असं मी एकदाच म्हणालो. त्या घरी मला मसाला दूध मिळालं नाही.

असो. पैसे भरून आल्यावर चडफडत मी मनी प्लांटबद्दल वाचत बसलो आणि माझी पंचाईत झाली. हा मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ नावाच्या बेटावरचा. याला आपल्याकडे फूल येत नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक याला धड बनवता येत नाही. फूल नाही म्हणजे फळ नाही, बी नाही. घरोघरी दिसणारा मनी प्लांट हा कुणाच्या तरी मनी प्लांटची तोडलेली फांदी आहे, तोही कुणाच्या तरी फांदीचीच फांदी. आपला आपण पसरायची याची ऐपतच नाही. कुणीतरी हळूच खुडून पदराआड न्यावा लागतो. म्हणजे आजी शास्त्राला धरून होत्या.

मग मी स्टॉलवरच्या मनी प्लांटांची वंशावळ काढली. ते सगळे खजिनदारांच्या गॅलरीतले. आणि तो गॅलरीतला कुठला, तर त्यांच्याच तोंडून मी ऐकलेलं: निवृत्तीच्या दिवशी शाखेतल्या काचेच्या बरणीतून दोन डिक्शा घेऊन आले होते. शाखाधिकाऱ्याला न विचारता. त्या डिक्शांच्या लेकरांचे माझ्याकडून एकशेवीस वसूल झाले. हे ग्रुपवर लिहावं म्हणून मी दोनदा टाइप केलं आणि पुसलं. आमच्या हिनं समजावलं, की आपला पोर्चमधला वेलही कोल्हापूरच्या आत्यांच्या जिन्यातून पर्समध्ये बसून आलाय, तेव्हा गप्प राहा.

विषय संपला असं वाटत असताना काल सकाळी आजी दारात. डोक्यावर तीच पिशवी.

“तुमी पैसं भरलं म्हणं.”

गावात काही लपत नाही. मी जरा ओशाळून म्हणालो, “असू द्या आजी, एवढं काही...”

“असू द्या काय! माझं रोप पिवळं पडलं. लेकीचं पडलं, सुनंचंबी पडलं. तरी म्हणलं, एवढी चांगली चोरी, मग झालं काय? बाळूनं सांगितलं, मास्तरांनी पैसं भरलं. चोरी नासवलीत तुमी माझी.”

“पाणी किती घालता?”

“सकाळ-संध्याकाळ तांब्या.”

“एवढ्या पावसात? मुळं कुजतात त्यानं.”

“पाण्याचं नका सांगू. जावा आन् पैसं परत घिऊन या.”

मी खरंच फोन लावला. स्पीकरवर. खजिनदार म्हणाले, “फाडलेल्या पावतीचा परतावा होत नाही. फार तर माल परत आणा, मी समितीपुढे ठेवतो.”

आजी फोनकडे बघत राहिल्या. “चोरल्याला माल परत करायचा? आमच्यात न्हाई तसं,” असं म्हणून त्या उठल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि पोर्चच्या खांबापाशी थांबल्या.

“ह्यो कुणाचा?”

“आमच्या हिचा.”

“याचं पैसं कुणी भरल्यात का?”

“नाही.”

“नक्की?”

“आत्याबाईंना अजून पत्ता नाही.”

आजींनी छत्री खांबाला टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे तोंड केलं. या वेळी एकवीसचा घेतला, आणि हळू म्हणालो.