एल्फिन्स्टनच्या पुलाचा फॉरवर्ड आणि आत्याचा केसपेपर

मंगळवारी सकाळी सव्वासहाला आत्याचा फोन. "अरे मी आज केईएमला जात नाहीये, पूल बंद आहे ना, हॉस्पिटलला जायचा रस्ताच तोडलाय म्हणे." हिची पिशवी आदल्या रात्रीपासून दाराच्या खुंटीला लटकवलेली. त्यात केसपेपरची प्लास्टिकची फाईल, पाण्याची बाटली, रक्त दिल्यावर खायचा चपातीभाजीचा डबा. तीन महिन्यांनी मिळालेली डायबेटिसची तारीख. मी तोंड धुऊन तिच्याकडे पोचेपर्यंत तिने डबा उघडून अर्धा संपवला होता, म्हणजे उपाशीपोटी द्यायचं रक्त गेलं, तारीखही गेली.

कारण काय, तर मंडळाच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड. तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: प्रभादेवीचा (म्हणजे एल्फिन्स्टनचा) पूल तोडला, करी रोड, चिंचपोकळी आणि टिळक पूलही बंद, पायी जायलाही बंदी, परळच्या हॉस्पिटलांकडे ॲम्ब्युलन्स सोडत नाहीत, पेशंटनी दुसरीकडे जावे, 2017 ला याच पुलावर माणसं मेली म्हणून घाईने पाडतायत, सगळं सी लिंकवाल्यांच्या गाड्यांसाठी चाललंय, आणि नवीन पूल दहा वर्षं होत नाही. खाली हात जोडलेले सहा आणि "सर्वांना पाठवा".

पाठवलं की सगळ्यांनी. वाचलं कुणी?

आधी पायी बंदीचं बघू, कारण आत्या तिथेच अडली. 12 सप्टेंबर 2025 च्या रात्रीपासून बंद झाला तो गाड्यांचा पूल. स्टेशनचे पादचारी पूल चालू आहेत, लोकल चालू आहेत, रोज हजारो माणसं प्रभादेवीच्या बाजूने चढून परळच्या बाजूला उतरतायत. त्याच मंगळवारी दुपारी मी आत्याला हाताला धरून नेलं. दोनदा जिन्यात थांबली, मधे वर उभं राहून खालून गेलेली फास्ट लोकल बघितली, तरी केईएमच्या गेटपर्यंत बावीस मिनिटं लागली. गेटवर म्हणते, "एवढंच?" मी काही बोललो नाही, बोललो असतो तर भांडण झालं असतं.

आता "ॲम्ब्युलन्स सोडत नाहीत, पेशंटनी दुसरीकडे जावे". ज्याने हे वाक्य टाईप केलं त्याला समोर बसवून विचारायचंय की बाबा, टाटाला केमोच्या तारखेला निघालेल्या माणसाने हे वाचून घरीच बसायचं का? ट्रॅफिक पोलिसांची अधिसूचना काढून वाचा, त्यात नेमकं उलटं आहे. पूल बंद असताना दोन्ही बाजूंना ॲम्ब्युलन्स उभ्या ठेवायची सोय तिथे लिहिलीय, आणि प्रभादेवी, लोअर परळकडून टाटा आणि केईएमला जाणाऱ्यांनी कुठून जायचं ते नाव घेऊन लिहिलंय. चारही पूल बंद ही तर शुद्ध थाप. टिळक पूल चालू, चिंचपोकळीचा चालू, आणि करी रोडचा बंद नाही, त्याला वेळा लावल्यात. सकाळी 7 ते दुपारी 3 परळच्या बाजूच्या भारतमाताकडून लोअर परळच्या बाजूच्या शिंगटे मास्तर चौकाकडे, दुपारी 3 ते रात्री 11 उलट्या दिशेने, रात्री 11 ते सकाळी 7 दोन्हीकडून.

इथे एक गोष्ट मला मान्य करावी लागतेय, नाइलाजाने. ओपीडी सकाळची, आणि सकाळी करी रोडचा पूल नेमका आपल्या उलट्या दिशेने चालू. म्हणजे प्रभादेवीहून टॅक्सीने केईएमला जायचं तर दादरला टिळक पुलाला वळसा नाहीतर खाली चिंचपोकळी, मीटर पळतोय आणि आपण बसलोय सिग्नलला. ज्यांना जिना चढवत नाही त्यांचे हाल खरेच आहेत. पण हाल होणं वेगळं आणि रस्ताच नाही म्हणणं वेगळं.

2017 वाला मुद्दा वाचून तर डोकंच फिरलं. 29 सप्टेंबर 2017 ला 23 माणसं गेली ती रेल्वेच्या पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यात, धो धो पावसात. आता पाडतायत तो गाड्यांचा पूल, शंभरी ओलांडलेला, दोघांचा काडीचा संबंध नाही. त्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने इथे नवीन पादचारी पूल बांधला, तो 27 फेब्रुवारी 2018 ला सुरू झाला, त्याच वर्षी जुलैत स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. आपण अजून एल्फिन्स्टनच म्हणतो ते सोडा, म्हणून तर हा घोळ होतो. आणि तेव्हा पेपरात काय आलं होतं आठवतंय? कुणीतरी "फूल गिर गया" म्हणालं आणि गर्दीने "पूल गिर गया" ऐकलं. त्याच जागेबद्दल, त्याच पुलाच्या नावाने, आता घरबसल्या अंगठ्याने तेच चाललंय.

सी लिंकवाल्यांचं म्हणाल तर अर्धं खरं. नवीन पूल डबलडेकर आहे, वरून शिवडी-वरळी कनेक्टर जाणार, साडेचार किलोमीटरचा, म्हणजे अटल सेतूवरून येणारे थेट वरळीला. पण खालचा मजला परळ-प्रभादेवी अशी आपली रोजची ये-जा करणाऱ्यांसाठीच आहे. नव्या पुलाच्या कामात येणाऱ्या बिल्डिंगींचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. हाजी नुरानी आणि लक्ष्मी निवासमधल्या लोकांचा प्रश्न खराच होता, एप्रिल 2025 मध्ये त्यांच्या विरोधामुळेच पूल बंद करणं पुढे ढकललं गेलं. तेवढंच नीट लिहिलं असतं ना, तर मीसुद्धा पुढे पाठवलं असतं.

दहा वर्षांचं काय बोलू. सरकारी हिशोब दोन वर्षांच्या आसपासचा आहे आणि त्यावर माझाही विश्वास नाही. आपला लोअर परळचा डिलाईल पूल जुलै 2018 ला बंद झाला तो पूर्ण उघडायला नोव्हेंबर 2023 उजाडलं. अंधेरीचा गोखले नोव्हेंबर 2022 ला बंद, पूर्ण चालू मे 2025 ला, आणि मधे एक बाजू उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला फ्लायओव्हरशी पातळीच जुळेना. त्यामुळे उशीर होईल म्हणा, बोंब मारा, मी पण मारतो. पण दहाचा आकडा कुठून काढला ते तरी सांगा.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर ॲडमिन काकांचं उत्तर आलं, "आपण फक्त सावध केलं." वर अंगठा.

आत्याला आता नवीन तारीख घ्यायचीय. या वेळी आदल्या रात्री फोन बंद करून डब्याच्या पिशवीत ठेवणार म्हणते.